पंधरा हजार वाचवणारी सून

हंबीररावांच्या सुनेनं पंधरा हजार रुपये वाचवले, ही बातमी मंगळवार पेठेत दोन दिवसांत घरोघर झाली. आता ह्यात बातमी कसली, असं कुणालाही वाटेल. पण हंबीररावांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि बचत म्हटली की त्या माणसाला गहिवर येतो. त्यांच्या चटणी कांडपाच्या दुकानात मिरची घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला त्यांनी थांबवून सांगितलं, "बावन्न हजाराचं सामान सदतीसात! आमच्या क्रांतीनं! घरात बसून, मोबाईलवर!" बाया शिंकत शिंकत "व्हय का? शानी हाय की पोरगी" म्हणायच्या आणि डबा उचलून घर गाठायच्या.

क्रांती तेव्हा खूश होती. का असू नये? ते पंधरा हजार तिनं हौस म्हणून वाचवले नव्हते. दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं टाळायला तिच्यापाशी तेवढी एकच वाट होती.

त्या गल्ल्यावर पंचवीस वर्षं उदयसिंह नावाचे म्हातारे बसत. श्रावणात त्यांचे गुडघे गेले आणि ते हातकणंगल्याला लेकाकडे राहायला गेले. हंबीररावांनी त्याच रात्री जेवताना जाहीर केलं, "दसऱ्यापासनं गल्ल्यावर घरचंच माणूस." आता घरचं माणूस म्हणजे कोण? थोरला सम्राट, क्रांतीचा नवरा, कांडपाचं मशीन चालवायचा. धाकटा विश्वजित टेम्पो घेऊन हॉटेलांना चटणी पोचवायचा. बाळाबाई, म्हणजे क्रांतीच्या सासूबाई, मागं बसून मिरच्यांची देठं खुडायच्या. उरलं कोण ते जेवणाऱ्या सगळ्यांना कळलं. कुणी तिच्याकडे बघितलं नाही एवढंच.

क्रांती शिरोळची. अंतर्गत सजावटीचा डिप्लोमा केलेली. रिकाम्या फ्लॅटचा नकाशा द्या, त्यात सोफा, पडदे, दिवे मांडून घर कसं दिसेल ते ती कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि ह्या दोन वर्षांत तिनं घरातल्या मागच्या खोलीत बसून किरकोळ कामं करत अठ्ठावीस हजार साठवले होते. अशात पुण्याच्या एका ऑफिसकडून चाचणी आली. एका फ्लॅटची फिल्म करायची, दारातून आत शिरून प्रत्येक खोलीतून फिरवून आणणारी. पसंत पडली तर घरी बसून महिना तीस हजार. द्यायची शेवटची वेळ एक तारीख, संध्याकाळी सहा. ती तारीख नेमकी खंडेनवमीची, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची होती, पण तिनं तेव्हा पंचांग काही बघितलं नाही.

हंबीरराव वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्यांनी रोखठोक सांगितलं, "दसऱ्याच्या आत जमलं तर कर नोकरी, माझी ना न्हाय. न्हाय जमलं तर दसऱ्याला गल्ल्यावर बसायचं. बोल."

"ठरलं, मामा," क्रांती सासऱ्यांना म्हणाली.

आता अडचण अशी की तिचा कॉम्प्युटर होता माहेरचा, कॉलेजात असताना बापानं घेतलेला. साधी भिंत रंगवायची म्हटली तरी तो दम टाकायचा. तिनं ओळखीच्या अभिनंदनच्या दुरुस्तीच्या दुकानात कॉम्प्युटरचा डबा उचलून नेला. अभिनंदननं आत डोकावून बघितलं आणि यादी केली. रॅम, ग्राफिक्स कार्ड, नवी एसएसडी, मोठा पॉवर सप्लाय. एकूण बावन्न हजार. "ताई, बसवून मी देणार, बिघडलं तर रातीअपरात्री फोन करायचा," तो म्हणाला. माणूस सरळ होता, पण क्रांतीकडे अठ्ठावीसच होते. नवऱ्याकडे मागावेत, तर सम्राटचा पगारसुद्धा हंबीररावांच्या खिशात. सासऱ्याकडे मागावेत, तर मग नोकरी कुणाची झाली?

म्हणून ती आठ दिवस ऑनलाईन भाव शोधत मोबाईलला चिकटली. आणि बघा, काय डोकं चालवलं त्या पोरीनं! सेलच्या आधी भाव गुपचूप चढवायचा आणि मग उतरवला म्हणून ढोल बडवायचा, ही खोड तिनं तीन दिवसांत ओळखली. रोज सकाळी भाव वहीत लिहायची. अभिनंदनच्या यादीतल्या ग्राफिक्स कार्डाऐवजी दोन वर्षांपूर्वीचं कार्ड तेच काम करतं, हे तिनं शोधून काढलं. वस्तू टोपलीत टाकून नुसत्याच ठेवल्या की दोन दिवसांनी "विसरलात का?" म्हणून कूपन येतं, तेही तिला कळलं. बावन्नाचे अठ्ठेचाळीस झाले, अठ्ठेचाळीसाचे सेहेचाळीस.

तिथं गाडी अडली. मग घरातली माणसं मदतीला धावली. मदतीलाच बरं का, वाकड्यात कुणीच नव्हतं.

विश्वजितकडे एका बँकेचं कार्ड होतं. त्यावर सेलच्या दिवशी तीन हजार सूट. "वैनी, माझं कार्ड घ्या की, घरातल्या घरात काय लाजायचं," तो म्हणाला. झाले त्रेचाळीस. हंबीररावांनी हे ऐकलं आणि त्यांच्या अंगात आलं. "अगं, बिल दुकानाच्या नावावर काढ की! आपला जीएसटी नंबर टाक. भरलेला कर दुकानाला माघारी मिळतोय. सरकारला फुकट कशाला द्यायचा?" तिला क्षणभर कसंतरीच वाटलं. पण सहा हजार सुटत होते, आणि सहा हजार म्हणजे तिची पाच महिन्यांची बचत. तिनं "बिल कुणाच्या नावानं" ह्या चौकटीत दुकानाचं नाव लिहिलं, आणि कराचे सहा हजार हंबीररावांनी गल्ल्यातून आधीच काढून दिले. सदतीस. अजून नऊ कमी होते. तेव्हा सम्राट हळूच म्हणाला, "तुझा तो बारका लॅपटॉप पडूनच हाय की. ऑनलाईन विकून टाकूया." कसबा बावड्याचा एक पोरगा नऊ हजार मोजून तो घेऊन गेला. पैसे बरोबर जमले, एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही.

खोकी आली तेव्हा घरात दिवाळी. हंबीररावांनी स्वतः कात्रीनं चिकटपट्टी कापली. अभिनंदननं दुसरीकडून घेतल्याचा राग न धरता पाचशे रुपयांत, तेही उधारीवर, सगळं बसवून दिलं. मशीन सुरू झालं. ज्या खोलीला आधी अर्धा दिवस लागायचा ती पाच मिनिटांत उजळायला लागली. नाद खुळा काम!

आणि त्याच संध्याकाळी जेवताना हंबीरराव भाकरी मोडत म्हणाले, "मी काय म्हणतो, एवढी शानी पोरगी. आठ दिवसांत पंधरा हजार वाचवलं. ही गल्ल्यावर बसली, मिरचीची खरेदी, पाकिटाची खरेदी हिच्या हातात दिली, तर वर्षाला लाख कुठं गेलं न्हाईत."

"मामा, आपलं ठरलंय," क्रांती म्हणाली.

"व्हय व्हय, ठरलंय की. मी आपलं सांगतोय."

वाचवून दाखवलं, म्हणूनच आता तिला कुणी सोडणार नव्हतं. हे क्रांतीच्या ध्यानात आलं आणि रडू फुटायच्या बेतात आलं, पण ताटावर कोण रडतं. पाणी पिऊन तिनं पुढचा घास मोडला.

तरी हातात फिल्म होती. आठ दिवस तिनं मान मोडून काम केलं. मोनामॅडम म्हणून पुण्याच्या ऑफिसातल्या बाई होत्या, त्यांना एक फोटो पाठवला तर त्या म्हणाल्या, "उजेड छान पकडलाय तुम्ही. फिल्म अशीच आली तर काम झालं समजा." झालं समजा! खंडेनवमीच्या दिवशी सकाळी सात वाजता तिनं शेवटचं बटण दाबलं. आता मशीन एकटं बसून नऊ तास फिल्म घडवणार होतं. चारला तयार, सहाच्या आत पुण्याला. मधे बंद पडलं तर मात्र पहिल्यापासून सगळं. तिनं सम्राटला हलवून सांगितलं, "अवो, खोलीत कुणी जायचं न्हाय. कशाला हात लावायचा न्हाय."

"व्हय, व्हय," सम्राट उशीत तोंड खुपसून म्हणाला.

मग ती स्वैपाकघरात गेली. देवीपुढं बांधायच्या कडाकण्या तळायच्या होत्या. गोड, कडक, पापडासारख्या. बाळाबाई लाटत होत्या, ती तळत होती. अधूनमधून हात पुसत ती खोलीच्या दारात जाऊन पंख्याची घरघर ऐकून यायची. मशीनचा पडदा थोड्या वेळानं आपोआप काळा व्हायचा, पण डब्यातला बारका निळा दिवा जळत असायचा. नऊ वाजले. दहा वाजले. अकरा वाजले. पावणेबाराला तेल उतरवून ती पुन्हा गेली, तर टेबलावर डबा नाही.

नुसती वायर लोंबत होती.

तिला आधी वाटलं चोरी झाली. मग मागनं बाळाबाई आल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "दुकानात न्हेला असंल. आज हत्यारांची पूजा न्हवं? दुकानाचं सगळं मांडत्यात."

"दुकानाचं?" क्रांती म्हणाली.

"बिल दुकानाचंच हाय की गं."

घर ते दुकान दोन गल्ल्या. क्रांती पायांत मिळेल ती चप्पल घालून पळाली. एक स्वतःची होती, एक सम्राटची.

दुकान झेंडूनं गच्च भरलं होतं. आज कांडप बंद, त्यामुळं शिंका नव्हत्या, उदबत्तीचा वास होता. ओळीनं सगळं मांडलेलं. कांडपाचे लोखंडी मुसळ, चाळणी, सुरी, कात्री, टेम्पोची किल्ली. वजनकाटा, शिलाई मशीनच्या जुन्या लोखंडी पायावर ठेवलेला, वर्षानुवर्षं तसाच. आणि त्या ओळीत वजनकाट्याच्या शेजारी तिचा डबा. डोक्यावर हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूची माळ.

"ये, ये! आलीस?" हंबीररावांच्या अंगावर नवा पांढरा सदरा होता. समोर तालमीतले चारपाच जण बसले होते. "हीच ती. पंधरा हजार वाचवलं!"

क्रांती सम्राटकडे वळली. "कुणी काढला?"

"मी आणि विश्वा," सम्राट म्हणाला. त्याला वाटलं, ती काळजीनं विचारतेय. "गादीवर ठिऊन आणलाय बघ, एक वरखडा न्हाय."

"चालू होता तो!"

"बंद हुता की. टीव्ही काळा हुता."

सकाळपासूनचे साडेचार तास वाया गेले होते. पण अजून सगळं संपलं नव्हतं. तिनं मनातल्या मनात हिशोब केला. फिल्म थोडी बारीक आकाराची केली, उजेड जरा कमी चांगला घेतला, तर पाच साडेपाच तास. आत्ता बारा वाजत होते. आत्ता, ह्या घटकेला लावला तर सहाला टेकेल.

"मामा, मी घरी न्हेते. आत्ता लावाय पायजे," ती म्हणाली.

हंबीररावांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं देवीचा मुखवटा मागितला. "अगं पोरी, पुजलेलं हत्यार आज हलवत न्हाईत. उद्या दसऱ्याला पूजा उतरली की मग हात लावायचा. माझ्या आज्ज्यापासनं हाय ह्ये. पूर आला तवासुदिक हलवलं न्हवतं मुसळ."

"मग हितंच लावते. हलवत न्हाय. नुसती वायर जोडते."

"चालवायचं बी न्हाय गं. इश्रांती आस्ती आज हत्यारांस्नी."

"मामा, माझी परीक्षा हाय आज. सहापर्यंत. तुम्हीच म्हणाला हुता, दसऱ्याच्या आत."

"म्हणालो हुतो. माझी जबान हाय." ते खरोखर कळवळले. "पण ह्येला दुकानाचं हत्यार मी केलं का? तूच बिल काढलंस की दुकानाच्या नावावर. आता पुजल्यावर कसं उचलायचं? उद्या सकाळी सात वाजता मी स्वता आणून देतो. फोन कर पुण्याला, एक दिवसानं काय आभाळ कोसळत न्हाय."

विश्वजित म्हणाला, "वैनी, माझ्या कार्डावरचाय, मला बी काळजी हाय की. एक दिवस थांबा."

तालमीतला एक जण म्हणाला, "पुण्याची माणसं मराठीच न्हवं? समजून घेतील."

कुणी आवाज चढवला नाही, कुणी तिला तोडून बोललं नाही. त्याचाच तिला जास्त राग आला. कुणी शिवी हासडली असती तर भांडता आलं असतं. तिनं सम्राटकडे बघितलं. सम्राट टेम्पोच्या किल्लीवरचं कुंकू न्याहाळत होता.

ती बाहेर पायरीवर गेली आणि मोनामॅडमना फोन लावला. मोनामॅडमनी सगळं ऐकून घेतलं. खंडेनवमी म्हणजे काय, तेही त्यांना माहीत होतं. "क्रांती, मला वाईट वाटतंय. पण बाकी दोघांच्या फिल्म आल्यात. आज सहाला साहेब बघणार आणि ठरवणार. काही पाठवता आलं तर पाठवा. दुसऱ्या कुठल्या मशीनवर, लॅपटॉपवर?"

लॅपटॉप कसबा बावड्यात होता. आणि फिल्मचं सगळं सामान त्या डब्यात, माळ घालून बसलेलं. अभिनंदनला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, मशीन मी देतो तुम्हाला, दुकान उघडतो. पण फायली कुठायत?" फायली कुठं होत्या ते तिनं सांगितलं.

आपलं काय उरलंय त्यात, असं तिच्या मनात आलं. बिल दुकानाचं, कार्ड भावजींचं, लॅपटॉप गेला, नवरा असून नसल्यासारखा. बावन्न हजार अभिनंदनच्या हातावर ठेवले असते, कर्ज काढून ठेवले असते, तर आज तो डबा तिचा असता आणि कुणाच्या बापाची पूजा त्याला चिकटली नसती. एकेक हजार तिनं हसत हसत वाचवला होता. स्वतःच्याच गालात मारून घ्यावं असं तिला वाटलं.

ती आत आली तेव्हा बाळाबाई कडाकण्यांचं ताट घेऊन पोचल्या होत्या. हंबीरराव म्हणाले, "ठिवा हितं." बाळाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. ओळीत कुठंच जागा नव्हती. हंबीररावांनीच त्यांच्या हातातलं ताट घेतलं आणि क्रांतीच्या डब्यावर ठेवलं. "बरोबर बसतंय बघा. सपाट हाय."

बाळाबाई क्रांतीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. वजनकाट्याखालच्या लोखंडी पायाकडे हनुवटी करून हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्ये माझं मशीन हुतं. शिलाईचं. माहेरासनं आणलेलं. अशीच खंडेनवमी हुती, हितं आणून पुजलं. उद्या न्हेऊ म्हणालं हुतं. मग त्येच्यावर काटा ठिवला, तेवढ्यापुरता." त्यांनी पदर सावरला. "वरचं मशीन पुढं भंगारात गेलं. पाय ऱ्हायलं. सवय हुतीया गं. मला झाली की."

क्रांतीनं आजवर तो पाय शंभरदा बघितला होता. तिला वाटायचं, जुन्या बाजारातून आणला असेल.

ती पुढं झाली आणि तिनं डब्यावरचं ताट उचललं.

"अगं ऱ्हाऊ दे, उद्यापुरतं," हंबीरराव म्हणाले.

तिनं ठेवलं नाही. पण आता ठेवायचं कुठं? खाली देवाचा नैवेद्य ठेवता येईना, ओळीत जागा नाही, गल्ल्यावर तर तिला ठेवायचंच नव्हतं. म्हणून ती ताट दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली. एक वाजला. पूजेला माणसं यायला लागली. शेजारच्या बनाबाई आल्या, त्यांनी हत्यारांना हात जोडले, क्रांतीच्या हातातल्या ताटातली कडाकणी उचलली आणि म्हणाल्या, "पंधरा हजार वाचवलंस म्हणं! आमच्या सुनंला शिकीव की." मग आणखी कुणी आलं. मग आणखी. प्रत्येक जण तिच्यापुढं येई, कडाकणी उचले, कौतुक करे. हंबीररावांना वाटलं, सूनबाई प्रसाद वाटायला उभी राहिली. त्यांचा ऊर भरून आला. ताट रिकामं झालं की सम्राट घरून पिशवी आणून भरायचा.

चार वाजता तिचे दंड भरून आले. पाचला बोटं बधिर झाली. तरी तिनं ताट डब्यावर टेकवलं नाही. तेवढं एक तिच्या हातात होतं.

सहाला दहा कमी असताना तिच्या कमरेला खोचलेला मोबाईल थरथरला. दोन्ही हात गुंतलेले. तो थरथरत राहिला आणि थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेही पुसता येईना.

तेव्हा मागून बाळाबाई पुढं आल्या. मिरच्या खुडून खुडून जाडी झालेली बोटं त्यांनी ताटाखाली घातली.

"दे हिकडं," त्या म्हणाल्या. "फोन बघ तुझा. मी धरते."

"खाली ठिऊ नका, आत्ती."

"न्हाय ठिवत," बाळाबाई म्हणाल्या आणि ताट छातीशी घेऊन डब्यापुढं उभ्या राहिल्या.